चार दोष की एकच चूक? निळ्या बाळांच्या हृदयाचा इतिहास

#थ्रेड

हृदयाच्या मधल्या पडद्याला अतिसूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपते, असे दुसऱ्या शतकात गॅलेनने लिहून ठेवले. ही छिद्रे कोणाला कधी दिसली नाहीत, कारण ती नव्हतीच. तेराव्या शतकात कैरोच्या इब्न अल-नफीसने ती साफ नाकारली. युरोपात मात्र वेसालियसने १५५५ मध्ये आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत उघड शंका घेईपर्यंत गॅलेनचा शब्द प्रमाण मानला जात होता. तेराशे वर्षे शरीरशास्त्रज्ञ नसलेल्या छिद्रांवर विश्वास ठेवून होते.

आणि काही बालकांच्या हृदयात त्याच पडद्याला खरोखरीचे भोक होते. त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

आजचा धागा त्या खऱ्या भोकाविषयी आहे. जन्मजात हृदयदोष ही दुर्मीळ गोष्ट नव्हे. दर हजार जन्मांमागे साधारण आठ-नऊ बालकांत तो आढळतो. आपल्याकडे सरसकट ‘हृदयाला भोक आहे’ असे म्हणतात, पण त्या तीन शब्दांखाली डझनावारी निरनिराळ्या रचना दडलेल्या आहेत. त्यांतील एकीचा माग आपण काढू. डॉक्टर तिला ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ म्हणतात, म्हणजे फालोचे चतुष्क. हिच्यामुळे बाळ निळे पडते.

आधी निरोगी हृदय पाहू. खालचे दोन कप्पे हे पंप होत. उजवा कप्पा अशुद्ध रक्त फुप्फुस धमनीतून फुप्फुसांकडे पाठवतो. डावा कप्पा शुद्ध रक्त महाधमनीतून सर्व शरीराला पुरवतो. मधला पडदा अखंड असतो. गर्भातील बाळ श्वास घेत नसल्याने त्याच्या हृदयात दोन चोरवाटा असतात. एक वरच्या कप्प्यांमधील खिडकी, दुसरी फुप्फुस धमनीला महाधमनीशी जोडणारी आखूड नळी. ही नळी (डक्टस) नीट लक्षात ठेवा, पुढे सारी कथा तिच्यावर फिरते. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत ती आपोआप आक्रसून बंद होते.

आता पॅरिस, १६६५ च्या सुमारास. नील्स स्टेन्सन हा तरुण डॅनिश शरीरशास्त्रज्ञ एका मृत अर्भकाचे विच्छेदन करीत होता. इतिहास त्याला स्टेनो या नावाने ओळखतो, आणि भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी त्याला खडकांच्या थरांचा नियम सांगणारा म्हणून ओळखतात. होय, तोच हा. अर्भकाचा ओठ दुभंगलेला होता, बोटे जुळलेली होती, छाती-पोटाची भिंत उघडी होती. अशी अर्भके त्या काळी ‘राक्षसी’ म्हणून कुतूहलाने पाहिली जात आणि बाजूला ठेवली जात. स्टेनोने हृदय उघडले.

फुप्फुस धमनी अगदी बारीक होती. खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला भोक होते. महाधमनी डाव्या कप्प्यातून निघण्याऐवजी त्या भोकावर स्वार झाली होती, म्हणजे दोन्ही कप्प्यांचे रक्त तिच्यात शिरत होते. डक्टसची नळी जागेवर नव्हती. त्याने हे सारे नीट लिहिले आणि ते वर्णन १६७० च्या दशकाच्या आरंभी कोपनहेगनच्या नियतकालिकात छापून आले. पुढे ज्या चार लक्षणांना फालोचे नाव मिळाले, त्यांपैकी तीन येथे आहेत. चौथे, म्हणजे उजव्या कप्प्याची जाड झालेली भिंत, त्याला वेगळे जाणवले नाही, कारण गर्भात उजव्या कप्प्याची भिंत तशीही जाडच असते.

वर्णन अचूक होते. उपयोग मात्र शून्य. स्टेनोपुढे रुग्ण नव्हता.

जिवंत मूल या कथेत येते ते शंभर वर्षांनी. १७७७ मध्ये लायडनच्या एडुआर्ट सांडिफोर्टने एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. जन्मतः धडधाकट वाटलेला हा मुलगा वर्षभराने निळा पडू लागला, थोड्या श्रमानेही धापा टाकू लागला आणि बाराएक वर्षांचा होऊन गेला. आईवडिलांनी विच्छेदनाला संमती दिली. आत तीच रचना. १७८४ मध्ये लंडनच्या विल्यम हंटरनेही अशाच एका सडपातळ, निळसर मुलाची नोंद छापली. त्या मुलाने स्वतःपुरता एक उपाय शोधून काढला होता. झटका येतो आहे असे वाटताच तो डाव्या कुशीवर निजून निश्चल पडून राही, आणि झटका टळे.

अशी मुले आणखी एक गोष्ट करतात. चार पावले धावली की मध्येच उकिडवी बसतात. कोणी शिकवलेले नसते. उकिडवे बसल्याने पायांकडील रक्तवाहिन्या दाबल्या जातात, शरीराकडे रक्त ढकलणे अवघड होते आणि म्हणून थोडे अधिक रक्त फुप्फुसांकडे वळते. वैद्यांना यंत्रणा ठाऊक होण्याच्या कितीतरी आधी रुग्ण बालकांच्या शरीराने ती हेरली होती. मला या सगळ्या इतिहासातील ही सर्वांत विलक्षण बाब वाटते.

एकोणिसाव्या शतकात नोंदी वाढल्या. लंडनच्या थॉमस पीकॉक यांनी १८५८ मध्ये हृदयाच्या व्यंगांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. तरी ‘निळा रोग’ कशाने होतो यावर वाद चालूच होता. पुष्कळांचे बोट वरच्या कप्प्यांमधील त्या गर्भकालीन खिडकीकडे होते. ती उघडी राहिली, रक्ताची सरमिसळ झाली, बाळ निळे पडले, इतके सोपे उत्तर.

१८८८ मध्ये मार्सेयचे एतिएन-लुई आर्थर फालो यांनी हे उत्तर खोडून काढले. निळे पडून दगावलेल्या रुग्णांची हृदये तपासून त्यांनी दाखवले की खिडकी हे मुख्य कारण नव्हे. बहुतेकांत चार गोष्टी एकत्र दिसतात : फुप्फुसाकडील वाट अरुंद, खालच्या पडद्याला भोक, भोकावर स्वार झालेली महाधमनी, आणि जाड झालेला उजवा कप्पा. हे चतुष्क इतके ठरलेले आहे की रुग्ण जिवंत असतानाच निदान करता येईल, असा त्यांचा आग्रह होता. फालो यांचे मोठेपण शोधात नाही. रचना तर स्टेनोने पाहिली होती. ते आहे या आग्रहात. विचित्र वस्तूंच्या कपाटातून त्यांनी ती रचना रुग्णाच्या खाटेपाशी आणली.

मात्र निदान करून पुढे काय? काहीच नाही. पुढची पन्नासहून अधिक वर्षे असे मूल ओळखू येई आणि मरे.

आता मॉन्ट्रियल. मॉड अ‍ॅबट यांना मॅकगिल विद्यापीठाने पदवी दिली, पण वैद्यकीय शाखेत प्रवेश नाकारला, कारण त्या स्त्री होत्या. त्यांनी बिशप्स कॉलेजातून १८९४ मध्ये डॉक्टरकी मिळवली. १८९८ मध्ये मॅकगिलने त्यांना काम दिले ते वैद्यकीय संग्रहालयात. बरण्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, यादी करायची. कोणा महत्त्वाकांक्षी पुरुष डॉक्टरला ही जागा नको होती, म्हणूनच ती त्यांच्या वाट्याला आली असावी.

त्या बरण्यांत एक अनोळखी हृदय होते. खालच्या दोन कप्प्यांऐवजी त्यात एकच मोठा कप्पा. अ‍ॅबट यांनी विल्यम ऑस्लर यांना पत्राने विचारले आणि माग लागला. मॅकगिलचेच अँड्र्यू होम्स यांनी १८२० च्या दशकात ते विच्छेदन करून प्रसिद्ध केले होते. या एका बरणीतून अ‍ॅबट यांचे आयुष्यभराचे काम सुरू झाले. ऑस्लर यांनी आपल्या बृहद्ग्रंथातील जन्मजात हृदयदोषांचे प्रकरण त्यांच्याकडे सोपवले. ते १९०८ मध्ये निघाले आणि त्यामागे ४१२ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास होता.

दरम्यान १९०७ मध्ये वैद्यकीय इमारतीला आग लागली आणि संग्रहालयाचा मोठा भाग जळाला. होम्स यांनी जपलेले हृदय वाचले. अ‍ॅबट यांनी पुन्हा जमवाजमव केली, जगभरच्या डॉक्टरांना पत्रे लिहून नमुने आणि माहिती मागवली. १९३६ मध्ये त्यांचा अ‍ॅटलास प्रसिद्ध झाला : एक हजार रुग्ण, प्रकारवार लावलेले, आकृत्यांसह. हजार हृदये शेजारी शेजारी ठेवली की ‘विचित्र’ हा शब्द गळून पडतो. दिसतात ते नमुने. कोणती रचना कितींदा येते, कोणत्या दोषाबरोबर कोणता दोष जोडीने येतो, कोण किती वर्षे जगतो, हे सारे मोजता येऊ लागले. ‘फालोचे चतुष्क’ हे नाव इंग्रजी वैद्यकात रुळवण्यातही त्यांचा मोठा वाटा आहे. मॅकगिलने १९१० मध्ये त्यांना सन्मानार्थ वैद्यकीय पदवी दिली. पूर्ण प्राध्यापकपद शेवटपर्यंत दिले नाही.

अ‍ॅबट यांच्याकडे शिकायला आलेल्यांत बाल्टिमोरच्या हेलन टाउसिग होत्या. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्या मुलांचा हृदयविभाग सांभाळीत. त्यांची श्रवणशक्ती हळूहळू गेली होती. स्टेथोस्कोपने जे इतर ऐकत ते त्या बाळाच्या छातीवर हात ठेवून बोटांनी ओळखीत. हाताची साक्ष, क्ष-किरणांच्या पडद्यावर दिसणारी हृदयाची सावली आणि मृत्यूनंतरचे विच्छेदन, या तिन्हींचा त्या ताळा जमवीत राहिल्या.

त्यातून त्यांना एक गोष्ट उमगली. चतुष्क असलेली काही बाळे जन्मतः तितकी निळी नसतात. पहिल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत अचानक बिघडतात. कारण तोवर डक्टसची नळी उघडी असते! फुप्फुसाकडची पुढची वाट अरुंद असली, तरी महाधमनीतून मागच्या दाराने रक्त फुप्फुसांत पोहोचत असते. दार लागले की बाळ गुदमरते. मग उलटा प्रश्न आला : दार लागत असेल, तर नवे दार करता येईल का?

१९३८ मध्ये बोस्टनचे रॉबर्ट ग्रॉस यांनी एका मुलीची उघडी राहिलेली डक्टस बांधून बंद केली होती, आणि जन्मजात दोषावरील ती गाजलेली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया होती. टाउसिग त्यांच्याकडे गेल्या. बंद करता येते तर नवी तयार करता येईल का, असे विचारले. ग्रॉस यांना रस वाटला नाही.

१९४१ मध्ये आल्फ्रेड ब्लॅलॉक शल्यविभागाचे प्रमुख म्हणून हॉपकिन्सला आले. सोबत त्यांनी आपले प्रयोगशाळा-सहायक आणले : व्हिव्हियन थॉमस. सुतारकाम शिकलेला हा कृष्णवर्णीय तरुण डॉक्टर होण्यासाठी पैसे साठवीत होता. महामंदीत बँक बुडाली, साठवण गेली, शिक्षण राहिले. ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत ते संशोधकाचे काम करीत असताना कागदोपत्री त्यांचा हुद्दा सफाई कामगाराचा होता.

या दोघांनी आधी व्हँडरबिल्ट विद्यापीठात एक प्रयोग केला होता. हाताकडे जाणारी धमनी फुप्फुस धमनीला जोडून फुप्फुसांतील रक्तदाब वाढतो का, ते कुत्र्यांवर पाहिले. दाब वाढला नाही. प्रयोग फसला म्हणून बाजूला पडला. टाउसिग यांनी आपली अडचण मांडली तेव्हा हा फसलेला प्रयोगच उत्तर ठरला, कारण त्यांना हवी होती नेमकी हीच जोडणी. थॉमस यांनी सुमारे दोनशे कुत्र्यांवर ती बसवून पाहिली, तंत्र घडवले, हात बसवला.

२९ नोव्हेंबर १९४४. पंधरा महिन्यांची, अवघी चारेक किलो वजनाची मुलगी. ब्लॅलॉक टाके घालत होते. त्यांच्या मागे एका स्टुलावर थॉमस उभे राहून टाका कोणत्या दिशेने घ्यावा ते सांगत होते, कारण ही जोडणी त्यांच्याइतकी कोणी केली नव्हती. मुलगी त्या वेळी वाचली, काही महिन्यांनी मात्र गेली. नंतरच्या मुलांपैकी एका मुलाचे निळे ओठ टेबलावरच गुलाबी झाले. १९४५ च्या मे महिन्यात अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात निबंध आला. त्यावर नावे दोन होती, ब्लॅलॉक आणि टाउसिग. थॉमस यांना हॉपकिन्सने सन्मान्य डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये. अलीकडे त्या जोडणीच्या नावात त्यांचेही नाव घेतात.

कल्पना नेमकी कोणाची, यावर टाउसिग आणि ब्लॅलॉक यांच्या बाजूने आजही भांडणारे आहेत. मला तो वाद फारसा फलदायी वाटत नाही. संग्रहालयातील बरण्यांशिवाय टाउसिग यांना प्रश्न सुचला नसता, आणि थॉमस यांच्या हातांशिवाय उत्तर टेबलावर आले नसते.

हे मूळ दोषाचे निवारण नव्हते, वळणरस्ता होता. हृदय उघडून भोक बुजवणे आणि वाट रुंद करणे १९५४ मध्ये मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी करून दाखवले. तेव्हा हृदय-फुप्फुस यंत्र हाताशी नव्हते. दहा वर्षांच्या मुलाचे रक्त शस्त्रक्रियेपुरते दुसऱ्या एका जिवंत माणसाच्या शरीरातून फिरवले गेले! पुढच्याच वर्षापासून यंत्रे आली आणि ही धाडसी पद्धत मागे पडली.

आता शीर्षकातील प्रश्न. चार दोष एकाच हृदयात, आणि नेहमी हेच चार का येतात? निव्वळ योगायोग म्हणावा तर हजारात तो पुन्हा पुन्हा कसा घडेल? स्टेनोपासून फालोपर्यंत सर्वांनी तयार झालेले हृदय पाहिले. उत्तर हृदय तयार होताना शोधावे लागणार होते.

गर्भधारणेनंतर सुमारे बाविसाव्या दिवशी हृदय धडधडू लागते. तेव्हा ती केवळ एक नळी असते. ती वाढता वाढता उजवीकडे वळसा घेते आणि मग तिच्यात भिंती उगवतात. बाहेर जाणारी वाटही आरंभी एकच असते. तिच्या आतून दोन उंचवटे मळसूत्रासारखे पिळत वाढतात, मध्यभागी मिळतात, आणि एका वाटेच्या दोन होतात : महाधमनी आणि फुप्फुस धमनी. मोठेपणीही या दोन वाहिन्या एकमेकींना वेटोळे घालून असतात, ती त्या पिळाची खूण. खालून, कप्प्यांच्या मधोमध, दुसरी भिंत वर चढत येते आणि या पिळदार भिंतीला मिळते. सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत सांधा पुरा होतो.

भाऊबंदकीत वाड्याची वाटणी होते, तसे समजा. वरच्या मजल्यावरची भिंत मधोमध न घालता कोणी थोडी पुढे सरकवली. काय होईल? पुढच्या भावाचा जिना अरुंद होईल. मागच्याचा ऐसपैस होईल आणि दुसऱ्याच्या हद्दीवर चढेल. खालच्या मजल्यावरून आलेली भिंत वरच्या भिंतीला मिळणारच नाही, मध्ये फट राहील. आणि अरुंद जिन्यावरून सामान चढवणाऱ्याचे दंड वर्षभरात भरतील.

हेच चार दोष. भिंत काही मिलिमीटर पुढे सरकली म्हणून फुप्फुसाची वाट अरुंद, पडद्याला भोक, महाधमनी भोकावर स्वार. आणि जोर लावून लावून उजव्या कप्प्याची भिंत जाड. शेवटची गोष्ट तर जन्मदोषही नव्हे, ती परिणती आहे. भिंत सरकण्याची कल्पना व्हिएन्नाच्या कार्ल रोकितान्स्की यांच्या १८७५ च्या ग्रंथात दिसते, म्हणजे फालो यांच्याही आधी. १९७० मध्ये बोस्टनचे रिचर्ड व्हॅन प्राघ यांनी ठामपणे मांडले की हे मुळात चतुष्क नाहीच, मूळ विकृती एकच आहे : फुप्फुस धमनीखालचा स्नायूचा भाग पुरेसा वाढत नाही. भिंत सरकते म्हणून तो भाग खुंटतो, की तो खुंटतो म्हणून भिंत सरकते, यावर तज्ज्ञांत मतभेद राहिले. चारांचे मूळ एकत्र आहे, यावर नाहीत.

कालगणनेकडेही पाहा. सातवा-आठवा आठवडा म्हणजे अनेक स्त्रियांना दिवस गेल्याची नुकतीच खात्री पटते, तो काळ. तोवर ही भिंत बांधून होत आलेली असते. आपल्याकडे व्यंग असलेले मूल जन्मले की ‘ग्रहण पाळले नाही’ म्हणून आईला बोल लावतात. युरोपात दुभंगलेल्या ओठाचा दोष आईला आडव्या गेलेल्या सशावर घालीत, आणि तो शब्द इंग्रजीत कालपरवापर्यंत टिकून होता. गर्भारपणी झालेला रुबेला, आटोक्यात नसलेला मधुमेह, काही औषधे यांनी धोका वाढतो हे खरे आहे. ग्रहणाने आणि सशाने वाढत नाही.

भिंत सरकवतो कोण, याचा पहिला भक्कम धागा कोंबडीच्या अंड्यात सापडला. गर्भाच्या पाठीवर मज्जारज्जू घडत असताना तिच्या काठावरून काही पेशी सुटतात आणि दूरदूर प्रवास करतात. त्यांना न्यूरल क्रेस्ट म्हणतात. १९८३ मध्ये अमेरिकेत मार्गारेट कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या भ्रूणातील या पेशींचा एक भाग काढून टाकला. त्या भ्रूणांच्या हृदयात महाधमनी आणि फुप्फुस धमनी यांमधील भिंत नीट घडली नाही. मानेपाठच्या पेशी हृदयातील भिंत बांधायला येतात, हे त्यापूर्वी फार थोड्यांच्या ध्यानात आले होते. पुढे २००१ मध्ये तीन गटांनी दाखवले की बाहेर जाणारी वाट ज्या पेशींपासून वाढते, त्याही मूळ नळीत नसतात, मागाहून येऊन मिळतात. उशिरा आलेल्यांची संख्या कमी पडली तर वाट आखूड राहते आणि भिंत आपल्या जागी पोहोचत नाही.

न्यूरल क्रेस्टच्या पेशी आणखी कुठे जातात? चेहऱ्याकडे. जबडा, टाळू, ओठ यांच्या घडणीत त्यांचा वाटा असतो. बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळाला, तर टाळूचे आणि हृदयाचे दोष पुष्कळदा एकाच बाळात दिसतात, ते यामुळे. म्हणूनच दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन आलेल्या बाळाचे हृदयही बालरोगतज्ज्ञ आज तपासून घेतात. स्टेनोने १६६५ मध्ये ज्या अर्भकाचे हृदय उघडले, त्याचा ओठ दुभंगलेला होता.